'विचित्र'ला इंग्रजीत काय म्हणावे?

काही वर्षांपूर्वी गणिताच्या एका प्राध्यापकांच्या निवृत्तीनिमित्त निघालेल्या स्मरणिकेचे इंग्रजी भाषांतर करण्याचे काम माझ्याकडे आले होते. सरांचे जुने विद्यार्थी देशोदेशी विखुरलेले आणि त्यांच्या मुलांना मराठी वाचता येत नसे, म्हणून हा खटाटोप. एका लेखाचे पहिलेच वाक्य होते, 'सर हे एक विलक्षण शिक्षक होते.' रात्री उशिरा कोशातील पर्यायांवरून घाईने नजर फिरवून मी 'विलक्षण'साठी 'पिक्युलिअर' हा शब्द टाकला आणि पुढच्या वाक्याकडे वळलो. स्मरणिका छापून झाली, टपालाने गेली, आणि इंग्लंडमध्ये वाढलेल्या एका मुलीने आपल्या वडिलांना विचारले, की तुमच्या या सरांना काही त्रास होता का? मी ओशाळून सरांकडे गेलो. ते दिलखुलास हसले आणि म्हणाले, "असू दे रे. मी आयुष्यभर या एकाच महाविद्यालयाचा होतो, तेव्हा पिक्युलिअर म्हणायला हरकत नाही." त्या उत्तरातील खोच मला घरी येऊन व्युत्पत्तिकोश उघडल्यावर कळली.

'पिक्युलिअर'च्या पोटात लॅटिनमधील 'पेकू', म्हणजे गुरेढोरे, हा शब्द आहे. रोमन समाजात जनावरे हीच मूळची संपत्ती होती, आणि घरातील मुलाला किंवा गुलामाला स्वतःपुरती म्हणून जी मत्ता बाळगता येई, तिला 'पेकुलियम' म्हणत. लॅटिन 'पेकू' आणि संस्कृत 'पशु' ही एकाच प्राचीन शब्दाची दोन रूपे आहेत. सरकारी कागदांत आपण आजही 'पशुधन' लिहितो, त्यात ती जुनी समजूत शिल्लक आहे. जे एकट्याच्या मालकीचे, ते एकट्यातच आढळणारे. जे एकट्यातच आढळते, ते इतरांना चमत्कारिक वाटणारे, अशा पायऱ्यांनी हा शब्द गोठ्यातून निघून विचित्रपणापर्यंत आला. एखादी वनस्पती सह्याद्रीला 'पिक्युलिअर' आहे असे वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात आले, तर ती फक्त सह्याद्रीत उगवते एवढाच अर्थ घ्यायचा असतो. सरांनी आपल्यासाठी तोच अर्थ उचलला होता. मात्र 'अमक्याला पिक्युलिअर' अशी जोड नसताना हा शब्द माणसाला लावला, की त्यात 'याचे काहीतरी बिनसलेले आहे' अशी छटा येते, आणि ब्रिटिश माणूस 'मला पिक्युलिअर वाटते आहे' म्हणाला, तर त्याला बरे वाटत नसते.

तेव्हापासून 'विचित्र' या अर्थाचे इंग्रजी शब्द जमवण्याचा मला छंद लागला, आणि त्यातून एक गोष्ट लक्षात आली, ती या लेखात मांडायची आहे. कोशात हे सारे शब्द एकमेकांचे समानार्थी म्हणून एका ओळीत उभे केलेले असतात. पण विचित्र म्हणजे कोणती तरी रेषा ओलांडलेले, आणि ही रेषा प्रत्येक शब्दात वेगळी आहे. कुठे ती गावाची वेस आहे, कुठे मोजणीतील जोडी आहे, कुठे वर्तुळाचा मध्य आहे, तर कुठे आपल्याला असलेल्या माहितीची हद्द आहे. मूळची रेषा ध्यानात ठेवली, की कोणता शब्द कुठे शोभेल हे बरेचसे आपोआप उमगते.

सर्वांत सोपी रेषा वेशीची. 'स्ट्रेंज' हा शब्द लॅटिनमधील 'बाहेरचा' या अर्थाच्या शब्दापासून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. अनोळखी माणसाला 'स्ट्रेंजर' म्हणतात तो याच घरातला. म्हणून 'स्ट्रेंज'मध्ये निंदा फारशी नाही, 'हे माझ्या ओळखीचे नाही, याचा उलगडा होत नाही' एवढेच आहे. किल्ल्या टेबलावर ठेवल्या होत्या आणि आता तेथे नाहीत, हे 'स्ट्रेंज'. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ मरे गेल-मान यांनी १९५३ साली काही नव्या मूलकणांच्या एका गुणधर्माला 'स्ट्रेंजनेस' हे नाव दिले, तेही याच अर्थाने, कारण ते कण झटपट निर्माण होत, पण त्या मानाने फार सावकाश क्षय पावत, आणि याचा मेळ तेव्हाच्या समजुतीशी बसत नव्हता. 'आउटलँडिश' हाही वेशीबाहेरचाच शब्द. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ केवळ 'परदेशी' असा होता, आणि आज तो भडक, अतर्क्य, 'काहीच्या काही' अशा पोशाखाला किंवा दाव्याला लावतात. आपल्याकडे मात्र 'विलायती' या शब्दाचा प्रवास उलट्या दिशेने झाला आणि बराच काळ त्याला प्रतिष्ठेचा वास येत राहिला. परका माणूस राज्य करत असेल, तर त्याचे परकेपण विचित्र वाटत नाही, असा त्याचा अर्थ मी लावतो.

'ऑड'ची रेषा मोजणीची आहे. हा शब्द उत्तरेकडील जुन्या नॉर्स भाषेतून आला. तेथे 'ओड्डी' म्हणजे टोक, त्रिकोण, आणि त्यावरून तिसरी, जोडीत न बसणारी संख्या. दोघांचे मत जुळत नसेल, तेव्हा ज्याच्या मताने निकाल लागे, त्या तिसऱ्या माणसालाही याच शब्दावरून नाव पडले होते. मराठी वाचकाला येथे 'तिऱ्हाईत' आठवल्याशिवाय राहणार नाही: तोही तिसरा, तोही दोन्ही पक्षांचा नसलेला, आणि म्हणूनच परका. गणितातील विषम संख्या ती 'ऑड', आणि जोडीतला एकच मोजा उरला तर तोही 'ऑड'. यामुळे 'ऑड'मध्ये भीती किंवा किळस नसते. बाकी सारे जुळते आहे आणि ही एक गोष्ट तेवढी बसत नाही, असे त्याचे शांत, जरासे कोरडे म्हणणे असते. हिशेब तपासणाऱ्याने 'ही नोंद ऑड दिसते' असे लिहिले, तर तो आरोप करत नाही, पण कागद मात्र पुन्हा मागवणार असतो. येथे एका बारीक आडव्या रेघेचा खेळही सांगण्याजोगा आहे. 'ट्वेंटी' आणि 'ऑड' हे शब्द जोडरेघेने बांधून पुढे 'पीपल' लिहिले, तर अर्थ होतो 'वीसेक माणसे', म्हणजे वीस आणि वर थोडी विषम भर. ती रेघ विसरली, तर वीस विचित्र माणसे आली होती असे वाचले जाण्याचा संभव असतो. लग्नाच्या वृत्तान्तात हा फरक महाग पडू शकतो.

माहितीच्या हद्दीवरचे शब्द मला अधिक मनोरंजक वाटतात. 'अनकूथ' हा शब्द आज गावंढळ, असंस्कृत वागणुकीला लावतात; पण त्याचा मूळ अर्थ निव्वळ 'माहीत नसलेले' असा होता, आणि त्याचे अवयव सुटे केले तर 'अन' म्हणजे आपला नकारार्थी 'अ' आणि 'कूथ' म्हणजे 'ज्ञात'. इंग्रजी आणि मराठी या दूरच्या चुलत बहिणी असल्याने 'अनकूथ' आणि 'अज्ञात' हे अक्षरशः एकाच साच्यातून निघालेले शब्द आहेत. एकीकडे अज्ञाताचे असंस्कृत झाले, तर दुसरीकडे त्याच्याभोवती गूढतेचे वलय तयार झाले. 'अनकॅनी' हा शब्दही 'जाणणे' याच धातूवरचा, स्कॉटलंडकडून आलेला. तेथे 'कॅनी' म्हणजे जाणता, सावध, भरवशाचा माणूस. जे भरवशाचे नाही, ज्याच्या वाटेला जाऊ नये, ते 'अनकॅनी'.

हा शब्द नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण त्यातील विचित्रपणा अपरिचयातून येत नाही, अतिपरिचयातून येतो. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१९ साली या भावनेवर जर्मन भाषेत एक निबंध लिहिला. तेथील शब्द आहे 'उनहाइमलिश', आणि त्यात 'हाइम' म्हणजे घर आहे. जे घरचे, आपले, ओळखीचे होते, तेच एकाएकी परके होऊन समोर येते, तेव्हाची ही अस्वस्थता. संध्याकाळी साडीच्या दुकानात शिरताना दारातील बाईंना आपण 'जरा सरकता का?' असे म्हणतो, उत्तर येत नाही, आणि मग तो पुतळा आहे हे कळते; त्या अर्ध्या क्षणात मानेवर जी शिरशिरी येते, ती 'अनकॅनी'. जपानी यंत्रमानवशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० साली याच अनुभवाचा जणू आलेखच काढला: यंत्रमानव माणसासारखा दिसू लागला, की तो अधिकाधिक आवडत जातो, पण साम्य जवळजवळ पूर्ण झाले, की आवड एकदम कोसळते आणि आलेखात एक खोल दरी पडते. इंग्रजीत ती 'अनकॅनी व्हॅली' म्हणून प्रसिद्ध आहे, आणि संगणकावर तयार केलेले चेहरे पाहताना 'यात काहीतरी चुकते आहे' असे जे वाटते, त्याला आज हेच नाव देतात. दोन अनोळखी माणसांच्या साम्याला 'अनकॅनी' म्हटले, तर 'हुबेहूब' एवढे भाषांतर पुरत नाही. 'अंगावर काटा यावा इतके' हे त्यात जोडावे लागते.

आता ज्याचा लोकांच्या तोंडी आज सर्वांत जास्त वावर आहे, तो 'वीअर्ड'. आजची मुले मराठी बोलतानाही 'किती वीअर्ड आहे!' असे म्हणतात आणि त्यात भाजीच्या चवीपासून नातेवाइकांच्या प्रश्नांपर्यंत सगळे बसवतात. या शब्दाचा जन्म मात्र फार गंभीर घरातला आहे. जुन्या इंग्रजीत 'वीर्ड' हे नाम होते आणि त्याचा अर्थ होता नियती. त्याचे मूळ 'वळणे, घडत जाणे' या अर्थाच्या धातूत आहे. संस्कृतमध्ये तोच धातू 'वृत्' या रूपात राहिला आणि वर्तन, वर्तुळ, वर्तमान, परिवर्तन असे कितीतरी शब्द त्याने मराठीला दिले. ज्या समारंभाच्या स्मरणिकेत मी माती खाल्ली, त्या 'निवृत्ती'तही तोच आहे. जे वळत वळत आपल्या वाट्याला येते, ते वीर्ड.

मग नियतीचा विचित्रपणा कसा झाला? या बदलाच्या मध्यभागी शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मधील तीन चेटकिणी उभ्या आहेत. त्यांना नाटकात 'वीअर्ड सिस्टर्स' म्हटले आहे, आणि ज्या बखरवजा इतिहासावरून शेक्सपिअरने कथा घेतली, त्या होलिन्शेडच्या ग्रंथात या शब्दाचा खुलासा 'नियतीच्या देवता' असा केलेला आहे. म्हणजे या भगिनींचे काम आपल्याकडील सटवाईच्या जवळचे. सटवाई सहाव्या रात्री बाळाच्या कपाळी लिहून जाते, तर या भगिनी माळरानावर ते लिहिलेले वाचून दाखवतात. परंतु हा शब्द इंग्लंडमध्ये तोवर मागे पडत चालला होता, तो स्कॉटलंडकडे अधिक टिकून होता. १६२३ साली छापलेल्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित आवृत्तीत तो वेगळ्याच वर्णांनी छापलेला दिसतो. प्रेक्षकांना शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता, पण रंगमंचावर सुरकुतलेल्या, दाढी असलेल्या, धुक्यात नाहीशा होणाऱ्या बाया दिसत होत्या, तेव्हा त्यांनी अर्थ डोळ्यांनी ठरवला: वीअर्ड म्हणजे असे काहीतरी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रजी कवींनी तो 'गूढ, अमानवी' या अर्थाने उचलला, आणि पुढे झिजत झिजत तो रोजच्या बोलण्यातला 'कसातरीच' झाला. तरीही जुन्या अर्थाची सावली पूर्ण गेलेली नाही. 'स्ट्रेंज' म्हणताना माणूस केवळ बुचकळ्यात पडलेला असतो, तर 'वीअर्ड' म्हणताना तो मनातून थोडा मागे सरकलेला असतो. शिवाय हा शब्द बोलण्यातला असल्याने शोधनिबंधात किंवा कार्यालयीन पत्रात तो टाळावा. तेथे 'ऑड' किंवा 'अनयूज्वल' बरा.

वर्तुळाच्या मध्याची रेषा 'एक्सेंट्रिक'मध्ये आहे. ग्रीकमध्ये 'एक' म्हणजे बाहेर आणि 'केंत्रॉन' म्हणजे टोकदार खिळा, कंपासचे रुतवलेले टोक. हा ग्रीक शब्द ज्योतिषाबरोबर भारतात आला आणि संस्कृतात 'केंद्र' झाला. पत्रिकेतील केंद्रस्थाने, जिल्हा केंद्र, आरोग्य केंद्र ही सारी त्या ग्रीक खिळ्याभोवती फिरतात. 'एक्सेंट्रिक'चा पहिला वापर खगोलशास्त्रातलाच. दुसऱ्या शतकातील खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीच्या मांडणीत ग्रहाचे वर्तुळ पृथ्वीभोवती होते, पण त्या वर्तुळाचा मध्य पृथ्वीपासून थोडा सरकवलेला होता, कारण त्याशिवाय ग्रहाचा कमी-जास्त होणारा वेग जमत नव्हता. गणितात आज लंबवर्तुळाच्या चपटेपणाचे माप म्हणून 'उत्केंद्रता' शिकवतात. पृथ्वीच्या कक्षेची उत्केंद्रता सुमारे ०.०१७, म्हणजे जवळजवळ वर्तुळच, तर हॅलेच्या धूमकेतूची सुमारे ०.९७, म्हणजे काकडीसारखी लांबट.

माणसाला 'एक्सेंट्रिक' म्हणताना हे चित्र डोळ्यांसमोर ठेवावे. धूमकेतू भरकटलेला नसतो. त्याला कक्षा असते आणि तो तिच्या नियमाने ठरल्या वेळी परततो, फक्त त्याचा मध्य आपल्या मध्याशी जुळत नाही. म्हणून पुतण्यांना भर उन्हाळ्यात कानटोपी घालून भेटणारे, पोस्टकार्डाखेरीज कशावरही न लिहिणारे काका 'एक्सेंट्रिक' ठरतात, कारण त्यांच्या वागण्यात सातत्य आहे. आज एक आणि उद्या दुसरेच करणारा माणूस एक्सेंट्रिक नसतो, तो लहरी. त्याला इंग्रजीत 'व्हिम्झिकल' किंवा 'कॅप्रिशस' म्हणावे. इंग्रजांना या शब्दाविषयी एक छुपे प्रेमही आहे: जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ साली स्वातंत्र्यावरील आपल्या ग्रंथात असे लोक समाजात हवेतच, असा गंभीर युक्तिवाद केला होता. हे प्रेम बहुधा घरदार आणि पैसा असलेल्यांच्या वाट्याला येते, हेही सांगायला हवे. तीच कानटोपी घालून फुटपाथवर बसलेल्या माणसासाठी इंग्रजीत, आणि आपल्याकडेही, बरेच कठोर शब्द तयार असतात. मराठीतील 'विक्षिप्त' आणि 'तऱ्हेवाईक' यांना 'एक्सेंट्रिक' बहुतेक वेळा चालतो, पण 'विक्षिप्त' थोडा अधिक बोचतो.

रूढीची रेषा ओलांडणारे शब्द सर्वांत सभ्य आहेत. 'अनऑर्थोडॉक्स' हा क्रिकेटमुळे मराठी घरांत पोचलेला शब्द आहे. बोटांनी चेंडू वळवणारा डावखुरा फिरकी गोलंदाज, म्हणजे बापू नाडकर्णी किंवा रवींद्र जडेजा, हा 'ऑर्थोडॉक्स', आणि मनगटाने वळवणारा कुलदीप यादव 'अनऑर्थोडॉक्स'. यात कुलदीपचा कोणताही अपमान नाही. नेहमीची रीत कोणती आणि हा कोणत्या रीतीने टाकतो, एवढीच नोंद आहे. 'अनकन्व्हेन्शनल' असाच, पण अधिक व्यापक: लोकांनी एकत्र येऊन मानलेला संकेत म्हणजे 'कन्व्हेन्शन', आणि तो न पाळणारे ते 'अनकन्व्हेन्शनल'. नोकरीच्या शिफारसपत्रात एखाद्याच्या पद्धतीला हा शब्द लावला, तर ती बहुधा प्रशंसा असते. याचा चुलतभाऊ 'नॉन-कन्व्हेन्शनल' मात्र निव्वळ वर्गवारी करतो. पाठ्यपुस्तकातील 'अपारंपरिक ऊर्जास्रोत' त्याचेच भाषांतर. केंद्र सरकारच्या ज्या मंत्रालयाच्या नावात हा शब्द होता, त्याचे २००६ साली नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय असे नामांतर झाले. गावोगावच्या छपरांवर सौरपट्ट्या दिसू लागल्यावर या ऊर्जेला अपारंपरिक म्हणणे तसेही अवघडच झाले असते.

काही शब्द माणसांच्या नावांवरून आले आहेत आणि ते वापरताना तो माणूस सोबत येतो. 'क्विक्झॉटिक' म्हणजे सर्व्हान्टिसच्या कादंबरीतील डॉन किहोतेसारखा, उदात्त पण अव्यवहार्य. 'मॅव्हरिक' हा टेक्सासमधील सॅम्युएल मॅव्हरिक यांच्यावरून, कारण ते आपल्या गुरांना मालकीचा डाग देत नसत. बिनडागाचे वासरू ते मॅव्हरिक, आणि पुढे कोणत्याच कळपाचा शिक्का न घेणारा पुढारी किंवा उद्योजकही. 'झेनी' तर इटलीतील लोकनाट्यातला नोकर, जोव्हान्नी या सर्वसाधारण नावाचे बोलीतले लाडके रूप 'झान्नी'. आपल्या तमाशातील सोंगाड्याचा भाऊच म्हणावा. मराठीने या बाबतीत मोठीच मजा केली आहे: आपण उत्साहाने 'अफलातून!' म्हणतो, तेव्हा अरबी वळणाने प्लेटोचेच नाव घेत असतो.

'ग्रोटेस्क' आणि 'बिझार' यांची नेहमी गल्लत होते. इसवी सन ६४ मधील आगीनंतर नीरोने रोममध्ये बांधलेला राजवाडा पुढे जमिनीखाली गाडला गेला; पंधराव्या शतकाच्या अखेरीस चित्रकार दोरांनी त्या दालनांत उतरले, तेव्हा त्यांना भिंतींवर अर्धे माणूस, अर्धे पान, अर्धे जनावर अशा गुंफलेल्या आकृती दिसल्या. गुहेला इटालियनमध्ये 'ग्रोत्ता' म्हणतात, म्हणून त्या शैलीला 'ग्रोटेस्क' हे नाव पडले. त्यामुळे आकार वेडावाकडा, विद्रूप असेल तेथेच तो वापरावा. 'बिझार'ला आकाराशी कर्तव्य नाही. इटालियनमध्ये तो आधी तापट माणसासाठी होता, आता ज्या घटनेला काही ताळतंत्रच नाही तिच्यासाठी आहे. बाजाराशी त्याचा उच्चारापुरताच संबंध आहे. तो फारसी शब्द वेगळा, आणि लिहिताना दोहोंची अदलाबदल झाली, की हस्तकलेच्या प्रदर्शनाची जाहिरात भलतेच आश्वासन देऊ लागते.

एक शब्द मात्र या यादीतून आता काढूनच ठेवावा. जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांत 'क्वीअर' हा 'चमत्कारिक' या अर्थाने पानोपानी भेटतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तो समलिंगी व्यक्तींसाठी शिवीसारखा वापरला गेला, आणि १९९०च्या सुमारास त्याच समाजातील कार्यकर्त्यांनी तो ताठ मानेने स्वतःची ओळख म्हणून परत घेतला. मुंबईत २००८ पासून निघणाऱ्या अभिमान यात्रेच्या 'क्वीअर आझादी' या नावातही तोच आहे. कोशात पहिला अर्थ 'विचित्र' असा दिसला, तरी आज त्या अर्थाने तो लिहू नये.

आपला 'विचित्र' तरी कोठून आला? संस्कृतात 'चित्र' म्हणजे ठिपक्याठिपक्यांचे, अनेक रंगांचे. चित्ता या नावातही तेच ठिपके आहेत. 'विचित्र' म्हणजे नाना रंगांनी नटलेले, आणि महाभारतातील विचित्रवीर्याचे नाव ठेवताना कोणी त्याची थट्टा केली नव्हती. बंगालीत हा शब्द आजही 'विविध' या अर्थाने शोभून दिसतो. मराठीत मात्र त्याच्या रंगांकडे संशयाने पाहिले गेले, आणि मूळची कौतुकाची बाजू 'विलक्षण'कडे गेली. माझ्या स्मरणिकेतील वाक्यात म्हणूनच 'एक्स्ट्रॉऑर्डिनरी' किंवा 'रिमार्केबल' हवा होता. हे दोन्ही शब्द रेषेच्या बाहेर जातात, पण वरच्या बाजूने.

उरतो तो रोजचा, घरातला विचित्रपणा, ज्यासाठी इंग्रज माणूस वरीलपैकी एकही शब्द काढत नाही. पातेल्यावरचे झाकण उचलून तो म्हणतो, 'हे दूध फनी लागते आहे.' यात विनोद कोठेच नसतो. 'फनी'चा हा दुसरा अर्थ आपल्या शाळांत फारसा शिकवला जात नाही, पण त्याला मराठीत अगदी नेमका प्रतिशब्द आहे: दुधाला कसलासा वास येतो आहे.